दिसायला जुळी, अर्थाने वेगळी : इंग्रजीतील सारख्या वाटणाऱ्या शब्दसमूहांमधला बारीक फरक



२००० सालापासून आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं आता शब्द बरेच ओळखतात. पाचवीत येईपर्यंत छोटी वाक्यंही वाचतात. पण एका ठिकाणी हुशार मुलंसुद्धा अडखळतात. ते ठिकाण म्हणजे दिसायला जवळजवळ सारखे आणि अर्थाने वेगळे असणारे शब्दसमूह. ऑन टाइम आणि इन टाइम. ॲट दि एंड आणि इन दि एंड. फ्यू आणि अ फ्यू.

असं का होतं? आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे इंग्रजी शब्दसमूह, उजवीकडे मराठी अर्थ. गाईडमध्येही तसंच असतं. मग ॲट दि एंडसमोर 'शेवटी' येतं आणि इन दि एंडसमोरही 'शेवटी'च येतं. एकदा वर्गात एका मुलीने सरळ विचारलं, "बाई, दोन्हींचा अर्थ शेवटीच, तर मग इंग्रजांनी दोन कशाला ठेवले?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन ठेवलेत, कारण अर्थ दोन आहेत. तो दुसरा अर्थ उजव्या रकान्यात हरवला. गंमत अशी की मराठीत तो बहुतेक वेळा असतो. फक्त तो एका सुट्या शब्दात नसतो. तो प्रत्ययात असतो, क्रियापदाच्या रूपात असतो, कधी एखाद्या 'च'मध्ये किंवा 'तरी'मध्ये असतो. म्हणून मुलांना "याचा मराठी शब्द कोणता?" असं विचारण्याऐवजी "हे वाक्य तू घरी कसं म्हणशील?" असं विचारलं की फरक आपोआप वर येतो.

आजच्या पाठात आपण अशा काही जोड्या पाहू. त्यांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात मराठीचा प्रत्यय किंवा क्रियापदाचं रूप सरळ मदतीला येतं. दुसऱ्या गटात मराठीत वेगळा शब्द घ्यावा लागतो. तिसऱ्या गटात मराठी साथ देत नाही, तिथे नव्याने शिकवावं लागतं. शेवटी हृदय आणि वाट यांच्यावरचे काही खरेखुरे वाक्प्रचार आणि एक सरावसंच दिला आहे.

आधी थोडं मराठी

कोणतीही इंग्रजी जोडी घेण्यापूर्वी मुलांना ही दोन वाक्यं द्या.

१) आजीचा डोळा लागला.
२) आजीचे डोळे वाटेकडे लागले.

पहिल्या वाक्यात आजी झोपली. दुसऱ्यात आजी कुणाची तरी वाट बघते आहे. एका ठिकाणी 'डोळा' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'डोळे', सोबत 'वाटेकडे'. चौथीचं मूलसुद्धा यात गोंधळत नाही. तसंच हात देणे, हात दाखवणे, हात टेकणे, हात मारणे यांचं. शब्द तोच हात, पण मदत करणे, इंगा दाखवणे, हार मानणे आणि ताटावर ताव मारणे असे चार वेगळे अर्थ.

हे मुलांना कुणी यादी देऊन शिकवलं का? नाही. त्यांनी वाक्यं ऐकली. छोटा बदल मोठा अर्थ बदलतो, ही गोष्ट त्यांना आधीपासून माहीत आहे. इंग्रजीतही तेच चालतं, एवढंच त्यांना दाखवून द्यायचं आहे. दहा मिनिटांचा हा भाग गाळू नका. यानंतर मुलं इंग्रजीतल्या छोट्या शब्दांकडे लक्ष देऊ लागतात.

गट पहिला : प्रत्यय आणि रूपं मदतीला येतात

ऑन टाइम आणि इन टाइम

ऑन टाइम म्हणजे ठरलेल्या वेळेला, ना आधी ना उशिरा. इन टाइम म्हणजे उशीर होण्याच्या आत, थोडी सवड ठेवून.

द बस केम ऑन टाइम. (एसटी वेळेवर आली. दहाची गाडी दहाला आली.)
वुई रीच्ड द स्टँड इन टाइम. (आम्ही वेळेत स्टँडवर पोहोचलो. गाडी सुटण्याआधी.)

बघा, मराठीत 'वेळेवर' आणि 'वेळेत' असे दोन शब्द आहेतच. ऑन म्हणजे 'वर', इन म्हणजे 'त'. मुलांना ही जोडी फार आवडते.

एक सावधगिरी मात्र हवी. "डॉक्टर वेळेवर आले म्हणून पेशंट वाचला" असं आपण म्हणतो. इथे डॉक्टरांची काही ठरलेली वेळ नव्हती. ते फार उशीर होण्याआधी आले. म्हणून इंग्रजीत इथे इन टाइम येईल. तेव्हा मुलांना कसोटी द्या : घड्याळात किंवा वेळापत्रकात वेळ ठरलेली आहे का? असेल तर ऑन टाइम. "अजून उशीर झाला असता तर काम बिघडलं असतं" असं म्हणता येतं का? तर इन टाइम.

स्टॉप टु आणि स्टॉप + आयएनजी

माझ्या मते प्राथमिक स्तरावर सगळ्यात महत्त्वाची जोडी हीच आहे.

ही स्टॉप्ट टु टॉक. (तो बोलायला थांबला.)
ही स्टॉप्ट टॉकिंग. (तो बोलायचा थांबला.)

पहिल्या वाक्यात तो चालत होता, कुणीतरी भेटलं, म्हणून थांबला आणि बोलू लागला. दुसऱ्या वाक्यात तो बोलत होता आणि गप्प झाला. अर्थ अगदी उलटे. मराठीत सगळा खेळ 'बोलायला' आणि 'बोलायचा' या दोन रूपांचा आहे. टु म्हणजे 'कशासाठी थांबला', आयएनजी म्हणजे 'काय करायचं थांबला'.

ही जोडी नुसती परीक्षेपुरती नाही. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर कधी कधी लिहिलेलं असतं, "डू नॉट स्टॉप टेकिंग द मेडिसिन विदाउट आस्किंग युअर डॉक्टर." म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेणं बंद करू नका. आपल्या कितीतरी मुलांच्या घरी इंग्रजी वाचणारं माणूस म्हणजे ते मूलच असतं. आजी त्याच्या हातात कागद देते आणि म्हणते, "काय लिहिलंय बघ रे बाळा." त्या वेळी 'स्टॉप म्हणजे थांबणे, टेक म्हणजे घेणे' एवढं पाठ असून भागत नाही. दोन शब्द एकत्र आल्यावर काय होतं, ते कळावं लागतं.

रिमेंबर आणि फर्गेट

यांचंही वागणं असंच, पण इथे फरक काळाचा आहे.

आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर. (दाराला कुलूप लावायचं मी लक्षात ठेवलं. आणि लावलं.)
आय रिमेंबर लॉकिंग द डोअर. (दाराला कुलूप लावल्याचं मला आठवतंय.)

'लावायचं' म्हणजे काम पुढे आहे. 'लावल्याचं' म्हणजे काम झालेलं आहे. टु पुढे बघतो, आयएनजी मागे बघतो. फर्गेटचं तसंच. आय फर्गॉट टु लॉक द डोअर, म्हणजे कुलूप लावायला विसरलो. आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द सी, म्हणजे समुद्र पाहिल्याचं मी कधी विसरणार नाही.

लक्षात घ्या, स्टॉपसाठी दिलेली कसोटी इथे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून दोन्ही जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. मध्ये आठवडा जाऊ द्या.

मेड ऑफ आणि मेड फ्रॉम

द बेंच इज मेड ऑफ वुड. (बाक लाकडाचा आहे.)
पेपर इज मेड फ्रॉम वुड. (कागद लाकडापासून बनतो.)

बाकाकडे पाहिलं की लाकूड दिसतं. कागदाकडे पाहून लाकूड दिसत नाही, कारण ते पार बदलून गेलं. मूळ वस्तू अजून दिसते, तिथे साधारणपणे ऑफ. ओळखू येत नाही, तिथे फ्रॉम. मराठीत 'चा, ची, चे' आणि 'पासून' यांनी अंदाज येतो. पण 'उसाचा गूळ' असंही आपण म्हणतो, म्हणून केवळ प्रत्ययावर विसंबू नका. "आता मूळ वस्तू दिसते का?" ही कसोटी जास्त भरवशाची. वर्गातल्या वस्तूंवर हा खेळ छान होतो : खिडकीचे गज, दप्तर, खडू, काच.

गट दुसरा : मराठीत वेगळा शब्द घ्यावा लागतो

ॲट दि एंड आणि इन दि एंड

ॲट दि एंड म्हणजे एखाद्या गोष्टीच्या टोकाला. पुस्तकाच्या शेवटी, गल्लीच्या शेवटी, महिन्याच्या शेवटी. त्यामुळे त्याच्यामागे बहुतेक वेळा ऑफ येतं. इन दि एंड म्हणजे बऱ्याच घडामोडींनंतर, अखेर, सरतेशेवटी.

ससा-कासवाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती घेऊनच सांगा.

देअर वॉज अ बिग ट्री ॲट दि एंड ऑफ द रोड. (रस्त्याच्या शेवटी एक मोठं झाड होतं.)
इन दि एंड, द टॉर्टॉइज वन. (अखेर कासव जिंकलं.)

मुलाला विचारा : "'च्या शेवटी' बसतंय का, की 'अखेर' बसतंय?" 'च्या' लागला की ॲट. 'अखेर' बसलं की इन. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं आहे. एकाच 'शेवटी'ने दोन्ही जागा अडवल्या होत्या. 'अखेर' हा शब्द आपण बाहेर काढला की जोडी सुटी झाली.

यूज्ड टू, बी यूज्ड टू, गेट यूज्ड टू

यूज्ड टूने मोठी माणसंही घाबरतात. मराठीतून पाहिलं तर भीती जाते.

आय यूज्ड टु गेट अप अर्ली. (मी लवकर उठायचो. आता उठत नाही.)
आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली. (मला लवकर उठायची सवय आहे.)
आय ॲम गेटिंग यूज्ड टु गेटिंग अप अर्ली. (मला लवकर उठायची सवय होते आहे.)

पहिलं वाक्य म्हणजे आपला रीतिभूतकाळ. उठायचो, खेळायचो, जायचो. आजोबा गोष्ट सांगतात तेव्हा हेच रूप येतं : "आम्ही नदीवर पोहायला जायचो." दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात 'सवय' हा शब्द आहे. सवय आहे म्हटलं की ॲम, इज, आर हवं. सवय होते म्हटलं की गेट हवं. आणि या दोन्हींनंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावून येतं. लुक फॉरवर्ड टु याचंही असंच असतं. आय लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू. इथे नुसतं मीट येत नाही.

यात चौथा एक पाहुणाही घुसतो. अ नाइफ इज यूज्ड टु कट व्हेजिटेबल्स. (सुरी भाजी कापायला वापरतात.) इथे ना सवय, ना जुना काळ. इथे साधं 'वापरणे' आहे. उच्चारातही फरक पडतो. वरच्या तीन वाक्यांत बोलताना 'यूस्ट' ऐकू येतं आणि सुरीच्या वाक्यात 'यूज्ड'. मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. कानाला फरक कळला की लेखनातला गोंधळ कमी होतो.

फ्यू, अ फ्यू, क्वाइट अ फ्यू

समजा पालकसभेचा अहवाल इंग्रजीत लिहायचा आहे.

फ्यू पेरेंट्स केम. (फारसे पालक आलेच नाहीत.)
अ फ्यू पेरेंट्स केम. (काही पालक आले.)
क्वाइट अ फ्यू पेरेंट्स केम. (बरेच पालक आले.)

एका 'अ'मुळे तक्रारीचा सूर जाऊन समाधानाचा सूर येतो. सभेला प्रत्यक्षात तेच आठ पालक असू शकतात. फ्यू म्हणणारा म्हणतो, "आठच आले." अ फ्यू म्हणणारा म्हणतो, "आठ तरी आले." आकडा तोच, सांगणाऱ्याचं मन वेगळं. 'च' आणि 'तरी' यांत मराठीने ते पकडलं आहे.

क्वाइट अ फ्यू मात्र फसवतं. 'अगदी थोडे' असा अर्थ वाटतो, पण आहे उलटा. हे तर्काने सुटत नाही, वाक्यासकट लक्षात ठेवावं. आणि ओन्ली अ फ्यू आलं की पुन्हा 'मोजकेच'.

लिटल आणि अ लिटल यांचं नातंही असंच. फरक इतकाच की ते न मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी वापरतात. देअर इज लिटल वॉटर इन द टँक म्हटलं तर टाकीत पाणी जवळजवळ नाही, टँकर बोलवा. देअर इज अ लिटल वॉटर म्हटलं तर थोडं आहे, संध्याकाळपर्यंत भागेल.

हिअर फ्रॉम, हिअर ऑफ, हिअर अबाउट

ही तिकडी थोडक्यात. आय हर्ड फ्रॉम माय अंकल, म्हणजे काकांचा फोन आला किंवा निरोप आला. आय हर्ड अबाउट माय अंकल, म्हणजे काकांबद्दल काहीतरी कळलं. हॅव यू हर्ड ऑफ सावित्रीबाई फुले? म्हणजे सावित्रीबाई फुले हे नाव ऐकलं आहे का? कडून, बद्दल, नाव ऐकणे अशी तीन टोकं मुलांना द्या. पुरेसं आहे.

गट तिसरा : मराठी साथ देत नाही

गो टु स्कूल आणि गो टु द स्कूल

मराठीत मुलगा शाळेत जातो आणि त्याची आईही शाळेत जाते. मुलगा शिकायला जातो, आई दाखला आणायला जाते. वाक्य दोघांसाठी एकच. इंग्रजीत मात्र फरक पडतो.

रवी गोज टु स्कूल. (रवी शिकायला जातो.)
हिज मदर वेंट टु द स्कूल. (त्याची आई त्या शाळेच्या इमारतीत काही कामासाठी गेली.)

ज्या कामासाठी ती जागा आहे, त्याच कामासाठी गेलं की द नाही. दुसऱ्या कामासाठी गेलं की द येतो. स्कूल, कॉलेज, प्रिझन, चर्च यांना हे लागू पडतं. गो टु बेड म्हणजे झोपायला जाणे, पण सिट ऑन द बेड म्हणजे पलंगावर बसणे. ही इज इन प्रिझन म्हटलं तर तो शिक्षा भोगतो आहे. तिथे दुरुस्तीला गेलेला सुतार इन द प्रिझन असेल. या एका द मुळे गैरसमज कसला होईल, ते मुलं हसत हसत सांगतात!

हॉस्पिटलबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटिश इंग्रजीत पेशंट इन हॉस्पिटल असतो. अमेरिकन इंग्रजीत पेशंटसाठीही इन द हॉस्पिटल म्हणतात. म्हणून मुलाने टीव्हीवर किंवा मोबाइलवर वेगळं ऐकलं आणि तसं लिहिलं, तर लगेच लाल रेघ मारू नका.

इथे मराठी वाक्य करून फरक दिसणार नाही. म्हणून इथे मुलांना "कशासाठी गेला?" हा प्रश्न विचारायची सवय लावा. मातृभाषेचा आधार कुठे आहे आणि कुठे नाही, हे आपल्याला माहीत असलं म्हणजे आपण वेळ योग्य ठिकाणी खर्च करतो.

आता खरेखुरे वाक्प्रचार

हृदयाचे वाक्प्रचार

टेक हार्ट म्हणजे धीर धरणे, हिंमत बांधणे. टेक समथिंग टु हार्ट म्हणजे एखादी गोष्ट मनावर घेणे किंवा मनाला लावून घेणे. मराठीत हे दोन वेगळे आहेत. बाईंनी अक्षर सुधारायला सांगितलं आणि मुलीने ते मनावर घेतलं, तर अक्षर सुधारेल. तिने ते मनाला लावून घेतलं, तर ती कोपऱ्यात रडत बसेल. इंग्रजीत दोन्हींना टेक टु हार्ट चालतं. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचं-मागचं वाक्य सांगतं. म्हणजे फरक करण्यात दर वेळी इंग्रजीच पुढे असते असं नाही. इथे मराठी जास्त बारकाईने बोलते. मुलांना हे आवर्जून सांगा.

लूज हार्ट म्हणजे धीर सोडणे. पण लूज वन्स हार्ट टु समवन म्हणजे कुणाच्या तरी प्रेमात पडणे. परीक्षेत नापास झालेल्या मित्राला "डोंट लूज हार्ट" म्हणायचं. तिथे युअर घातलं तर भलताच सल्ला होईल. आणि लर्न बाय हार्ट म्हणजे तोंडपाठ करणे. इंग्रजीत पाठांतर हृदयाने होतं, आपल्याकडे तोंडाने!

वाटेचे वाक्प्रचार

ऑन द वे म्हणजे जाता-येता लागणारं. इन द वे म्हणजे आडवं येणारं.

द शॉप इज ऑन द वे टु स्कूल. (दुकान शाळेच्या वाटेत आहे.)
अ बुल इज स्टँडिंग इन द वे. (बैल वाटेत उभा आहे.)

मराठीत दोन्हीकडे 'वाटेत' आलं, म्हणून मुलं चुकतात. कसोटी सोपी आहे : 'आडवा' हा शब्द घालून बघा. बैल वाटेत आडवा उभा आहे, हे चालतं. दुकान वाटेत आडवं आहे, असं कुणी म्हणणार नाही. 'आडवा' बसला की इन द वे. बाय द वे म्हणजे आपलं 'जाता जाता' किंवा 'बरं का'. इन अ वे म्हणजे 'एका अर्थी'.

वर्गात कसं घ्यावं?

१) एका तासाला एकच जोडी. दहा जोड्यांची यादी देऊन काहीही साधत नाही.

२) आधी प्रसंग सांगा, मग वाक्य द्या, अर्थ सगळ्यात शेवटी आणि तोही मुलांकडून काढून घ्या.

३) मुलाला आपल्या घरच्या बोलीत वाक्य सांगू द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, काहीही. अर्थातला फरक त्याला त्याच्या बोलीत लवकर सापडतो. तिथे प्रमाण मराठीचा आग्रह नको.

४) अभिनय करून घ्या. स्टॉप्ट टु टॉक आणि स्टॉप्ट टॉकिंग हे दोन मुलांनी करून दाखवलं की पुन्हा समजावायची गरज पडत नाही.

५) चाचणीत जोड्या लावा हा प्रश्न या घटकासाठी टाळा. तिथे मूल पाठांतरावर गुण मिळवतं आणि आपल्याला वाटतं की त्याला समजलं. त्याऐवजी प्रसंग द्या आणि "हेच का निवडलं?" असं एका ओळीत मराठीत लिहायला सांगा.

सरावसंच

योग्य पर्याय निवडा आणि कारण सांगा.

१) शाळेची घंटा साडेदहाला असते आणि ती साडेदहालाच झाली. (ऑन टाइम / इन टाइम)
२) आग पसरण्याआधी बंब पोहोचला. (ऑन टाइम / इन टाइम)
३) खूप भांडणं झाली, पण अखेर दोघे मित्र झाले. (ॲट दि एंड / इन दि एंड)
४) ताई सायकलवरून जाताना फूल तोडायला थांबली. (स्टॉप्ट टु प्लक / स्टॉप्ट प्लकिंग)
५) आजोबा पूर्वी विडी ओढायचे. (यूज्ड टु स्मोक / इज यूज्ड टु स्मोकिंग)
६) डब्यात फारसे लाडू उरलेले नाहीत. (फ्यू / अ फ्यू)
७) बाबा पोषण आहाराचे तांदूळ उतरवायला शाळेत गेले. (टु स्कूल / टु द स्कूल)
८) टेबल मध्येच आहे, त्यामुळे दार उघडत नाही. (ऑन द वे / इन द वे)

उत्तरे : १) ऑन टाइम २) इन टाइम ३) इन दि एंड ४) स्टॉप्ट टु प्लक ५) यूज्ड टु स्मोक ६) फ्यू ७) टु द स्कूल ८) इन द वे

पालकांसाठी दोन शब्द

बरेच पालक विचारतात, "घरी मराठी बोलतो म्हणून मुलाचं इंग्रजी मागे पडतंय का?" वरच्या जोड्या पुन्हा एकदा वाचून बघा. ज्या मुलाला 'वेळेवर' आणि 'वेळेत', 'बोलायला' आणि 'बोलायचा', 'आठच' आणि 'आठ तरी' यांतला फरक कानाने कळतो, त्याला इंग्रजीतला फरक समजावणं सोपं जातं. ज्याच्या कानाला मराठीतला फरक ओळखीचा नाही, त्याला प्रत्येक जोडी कोरी पाठ करावी लागते.

म्हणून तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी तुम्ही मदत करू शकता. मुलाशी घरी भरपूर बोला. गोष्टी सांगा, म्हणी वापरा, "आम्ही लहानपणी काय करायचो" ते सांगा. मूल इंग्रजी वाक्य घेऊन आलं तर एवढंच विचारा, "हे आपल्या भाषेत कसं म्हणशील?" त्याने सांगितलेली दोन वाक्यं वेगळी निघाली, तर फरक त्याला कळला. सारखीच निघाली, तर त्या जोडीवर खूण करून ती शाळेत पाठवा. पुढचं आम्ही शिक्षक बघू.